पंचहौदचा चहा आणि इतर चुगल्या

"गोपाळराव जोशी म्हणजे एक नंबरचा आगलाव्या माणूस!"

काकूंनी हे कुंपणावरून इतकं ठासून सांगितलं, की मला वाटलं पाण्याच्या टाकीवरून गल्लीत पुन्हा काहीतरी बिनसलंय. आमच्याकडे जोशी तीन. मी आवाज खाली आणून विचारलं, "कोणते हो काकू? कोपऱ्यावरचे?"

"कोपऱ्यावरचे बिचारे कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी आनंदीबाईंच्या नवऱ्याचं म्हणतेय. पोस्टातल्या."

काकूंचं हे असंच. सगळी नोकरी सांगलीतल्या एका ग्रंथालयात पुस्तकं देण्याघेण्यात गेली. निवृत्तीच्या दिवशी सगळं मोजून परत केलं, एकोणिसावं शतक तेवढं घरी घेऊन आल्या. तिथली माणसं त्यांच्या लेखी शेजारपाजारी आहेत आणि त्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायला त्यांना वेळकाळ लागत नाही. मी कपडे वाळत घालायची वेळ त्यांच्या अंगणात येण्याच्या वेळेशी जुळवून घेतलीय, ती उगाच नाही.

"काय केलं त्यांनी?" मी बादली खाली ठेवली.

"काय नाही केलं ते विचार. १८९० चा ऑक्टोबर. पुण्यात पंचहौद मिशन आहे ना, तिथे व्याख्यानाला म्हणून या गृहस्थाने गावातली मोठी मोठी माणसं गोळा केली. रानडे आले, टिळक आले. व्याख्यान संपलं आणि मिशनऱ्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. चारचौघांत नाही कसं म्हणायचं? कुणी प्यायला, कुणी नुसता कप हातात धरून बसलं. सगळे आपापल्या घरी गेले. आणि याने काय करावं? आलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आणली!"

"अगंबाई! मुद्दाम?"

"मग काय चुकून? ख्रिस्त्यांच्या हातचा चहा आणि तोही पुण्याच्या ब्राह्मणांनी! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. पंच बसले, साक्षी झाल्या, घराघरांत पंक्ती मोडल्या. एवढ्याशा चहापायी दीड-दोन वर्षं गाव धुमसत होतं. शेवटी १८९२ मध्ये रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. ते घेतलं मित्रांची अडचण बघून. पण त्यांच्या रमाबाईंना ते बिलकूल रुचलं नव्हतं, आणि बाईंनी ते आपल्या आठवणींच्या पुस्तकात लिहूनही ठेवलंय. नवऱ्यावर जीव टाकणारी बाई होती गं ती, तरी लिहिलं."

"आणि गोपाळराव?"

"मजा बघत बसले. हौसच ती. आता मला सांग, असल्या माणसाबरोबर त्या पोरीने दिवस कसे काढले असतील?"

माझ्या मुलीच्या शाळेच्या वहीत आनंदीबाईंवर चार ओळी आहेत: कल्याणच्या, नवव्या वर्षी लग्न, अमेरिकेत पदवी, अल्पवयात निधन. गोपाळराव त्यात 'प्रागतिक विचारांचे पती' म्हणून येतात. मी तसं बोलून दाखवलं, तर काकूंनी हातातला कढीपत्त्याचा डहाळा कुंपणावर आपटला.

"प्रागतिक तर होताच! लग्नाच्या वेळी अट काय घातली, तर मुलीला मी शिकवीन, कुणी आड यायचं नाही. ती नऊची, हा वीसेक वर्षांनी मोठा, बिजवर. असली अट त्या काळात कोण घालत होतं? पण शिकवण्याची रीत ऐक. दहा वर्षांची असताना लाकडाच्या ढलप्या फेकून मारल्या. बाराव्या वर्षी खुर्च्या आणि पुस्तकं. चौदाव्या वर्षी सोडून जाईन म्हणून धमक्या. हे मी म्हणत नाही हो, आनंदीबाईंनी स्वतः अमेरिकेतून त्याला पत्रात लिहिलंय. चौदाव्या वर्षीच बाळंत झाली होती पोर, आणि मूल दहा दिवसांत गेलं होतं."

"पण काकू, तो मागे लागला नसता तर त्या डॉक्टर झाल्या असत्या का?"

"हेच तर! हाच प्रश्न तिलाही पडला होता. त्याच पत्रात ती म्हणते, तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं फार कठीण आहे. शेवट बघितला तर योग्य वाटतं, पण कोवळ्या मनावर काय परिणाम झाला असता हे बघितलं तर ते चूकच होतं. तराजू कसा धरलाय बघ. विशीतही नव्हती गं धड. आपल्याला नवऱ्याशी भाजीच्या मिठावरून बोलताना एवढा तोल सांभाळता येत नाही."

मी त्यावर काही बोलले नाही. काकूंना माझ्या घरातलं सगळं ऐकू जातं.

"आणि अमेरिकेला पाठवायची कल्पनाही त्याचीच. १८८० मध्ये वाइल्डर म्हणून एका मिशनऱ्याला पत्र घातलं, की बायकोला तिकडे शिकवायचंय, मदत करा. त्या पाद्र्याने उत्तर दिलं की ख्रिस्ती व्हा, मग बघू. वर दोन्ही पत्रं आपल्या मासिकात छापून टाकली. आता गंमत बघ. न्यू जर्सीत रोझेल नावाचं गाव. तिथली कार्पेंटरबाई दात दाखवायला डॉक्टरकडे गेलेली. नंबर येईपर्यंत समोर पडलेलं मासिक चाळलं, त्यात हे पत्र! तिने आनंदीबाईंना लिहिलं, यांनी तिला लिहिलं, आणि पत्रापत्रीतून ती मावशी होऊन बसली."

"म्हणजे आपली पहिली डॉक्टरीण त्या बाईच्या दातदुखीमुळे."

"असंच काही नाही, पण दंतवैद्याकडची जुनी मासिकं वाचत जा म्हणते मी. नाहीतर तुम्ही बसता मोबाइल घेऊन."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. काकू आत गेल्या, गॅस बारीक करून आल्या, आणि मधे काही झालंच नाही अशा पुढे बोलू लागल्या.

"गोपाळरावाला रजा नाही, पैसे नाहीत. म्हणून ही अठरा वर्षांची मुलगी कलकत्त्याहून ओळखीच्या मिशनरी बायकांबरोबर बोटीत बसली. निघण्याआधी, १८८३ च्या फेब्रुवारीत, श्रीरामपूरच्या कॉलेजात उभं राहून इंग्रजीत भाषण केलं, की मी अमेरिकेला का जाते. श्रीरामपूर म्हणजे ते बंगालमधलं हं, आपलं नगरकडचं नव्हे. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं सांगून गेली आणि तशीच वागली. एप्रिलमध्ये बोट सुटली. आणि आता खरी बातमी ऐक. त्याच एप्रिलमध्ये इकडून आणखी एक बाई विलायतेच्या बोटीत चढली. ओळख बघू."

"कादंबिनी गांगुली?"

"छे! पंडिता रमाबाई. कडेवर दोन वर्षांची मनोरमा. या दोघी लांबच्या नात्यातल्या बरं का. एकाच महिन्यात एक पूर्वेच्या किनाऱ्यावरून अमेरिकेला आणि दुसरी पश्चिमेच्या किनाऱ्यावरून इंग्लंडला. गावाने किती तोंडसुख घेतलं असेल, विचार कर."

पंडिता रमाबाई हा काकूंचा हळवा विषय आहे. त्यांच्याबद्दल बोलताना त्या चुगली करायचं विसरतात आणि कौतुकालाच लागतात, त्यामुळे गप्पांची लज्जत जरा कमी होते. तरी ऐकण्यासारखं पुष्कळ असतं.

"बाप अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांनी छळलं, तर जंगलात, गंगामूळला जाऊन राहिला. तिथला जन्म रमाबाईंचा, १८५८ चा. बापाने बायकोला शिकवलं, आईने मुलीला. अठरा हजार श्लोकांचं भागवत तोंडपाठ. मग दुष्काळात आईबाप गेले आणि ही भावाबरोबर पायी देश फिरली. कलकत्त्याच्या पंडितांनी परीक्षा घेतली, चकित झाले आणि 'पंडिता', 'सरस्वती' म्हणून गौरवलं. लग्न केलं ते बंगाली वकिलाशी, जातीबाहेर, नोंदणी पद्धतीने. दीड-दोन वर्षांत तो पटकीने गेला. १८८२ मध्ये तेविशीचोविशीची विधवा, कडेवर तान्ही मुलगी, अशी पुण्यात आली. केस न काढता! चारचौघांत व्याख्यान देत होती! पुण्याला तोंडात बोट घालायलासुद्धा फुरसत मिळाली नाही."

"कुणाकडे उतरल्या?"

"रानड्यांच्या मंडळींनीच तर बोलावलं होतं. आणि इथे आपल्या जिल्ह्याचा संबंध येतो." काकूंनी पदर खोचला. "रानड्यांच्या रमाबाई माहेरच्या कुर्लेकर. गाव देवराष्ट्रे. यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव ते. म्हणजे आपल्या सांगलीच्या! लग्नाआधीचं नाव यमुना. आणि आनंदीबाईंचंही माहेरचं नाव यमुनाच. सगळ्या यमुनांची नावं बदलत होते, सरस्वती व्हायला तेवढं पंडिता रमाबाईंना मिळालं."

रानड्यांच्या लग्नाची गोष्ट मात्र काकू कुजबुजत सांगतात, जणू न्यायमूर्ती पलीकडच्या बंगल्यात पेपर वाचत बसलेत. १८७३ मध्ये पहिली बायको वारली. रानडे एकतीस वर्षांचे, विधवाविवाहाचे मोठे पुरस्कर्ते. मित्रांना वाटलं, आता हा गडी विधवेशी लग्न करून दाखवणार. वडिलांनी ताबडतोब अकरा वर्षांची मुलगी आणून उभी केली, आणि हे वडिलांपुढे मान खाली घालून बोहल्यावर चढले.

"लोक काय बोलले नसतील!" काकू म्हणाल्या. "बोलण्यासारखंच होतं. मी रानड्यांना मानते, पण इथे त्यांची बाजू घेणार नाही. बायकोला शिकवली मात्र त्याच दिवसांपासून. पाटीपेन्सिलीपासून इंग्रजीपर्यंत. आणि तिने शिकावं तर घरातल्या बायकांनी छळावं! सासुरवाशीण वाचते म्हणजे काय? तशात पंडिता रमाबाई आल्या, आर्य महिला समाज काढला, आणि आमच्या रमाबाई त्यांच्या सभांना जायला लागल्या. मग तर घरी आगीत तेलच. त्या बाटलेल्या बाईकडे जातेस, आम्हाला शिवू नकोस, असं सगळं. आणि १८८४ मध्ये मुलींच्या हायस्कूलसाठी, म्हणजे आत्ताच्या हुजूरपागेसाठी, गव्हर्नरसमोर इंग्रजीत भाषण वाचून घरी आली, तर हार-तुरे राहिले बाजूला, माजघरात टोमण्यांची पंगत वाढलेलीच होती. नवऱ्याने सल्ला काय दिला? उलटून बोलू नकोस, ऐकून घे. घेतलं हो तिने ऐकून. आणि पुस्तक १९१० मध्ये लिहिलं. तोपर्यंत त्या सगळ्या बोलणाऱ्या जाऊन बसल्या वरती."

"म्हणजे शेवटचा शब्द हिचा."

"शेवटचा शब्द लिहिणाऱ्याचाच असतो. म्हणून तर मी तुला काशीबाईंचं सांगत होते."

सांगत नव्हत्या, पण असो.

"काशीबाई कानिटकर. त्यापण आपल्याच. आष्ट्याच्या!" काकूंनी डाव्या हाताने आष्ट्याची दिशा दाखवली. "नवव्या वर्षी लग्न. नवरा गोविंदराव. शिकलेला, कविता करणारा, पुढे न्यायखात्यात गेला. त्याला बायको शिकलेली हवी होती आणि ही तर निरक्षर. घरात बाईने पुस्तक हातात धरायची चोरी. तरी शिकली. आणि शिकून थांबली नाही, लिहायला लागली. गोविंदरावाने पुढे मिलसाहेबाच्या पुस्तकाचं मराठी केलं, 'स्त्रियांची परवशता' नावाने. पण मला विचारशील तर त्या घरात लेखक म्हणून काशीबाईच वरचढ. हरिभाऊ आपटे त्यांचे स्नेही. दोघं एकमेकांचं लिखाण वाचायचे, पत्रं लिहायचे. त्या काळात परक्या पुरुषाशी वाङ्मयावर पत्रव्यवहार! याच्यावर कोण काय बोललं असेल ते मी सांगत नाही, कारण मला माहीत नाही, पण कल्पना करता येते."

मी म्हटलं, "काशीबाई आणि आनंदीबाई एकमेकींना ओळखायच्या?"

"अगं, म्हणून तर! आनंदीबाई १८८६ मध्ये फिलाडेल्फियातून डॉक्टर झाल्या. तारीख ११ मार्च, ही लक्षात ठेव. प्रबंध कशावर, तर हिंदू लोकांमधल्या प्रसूतिशास्त्रावर. त्या समारंभाला इंग्लंडहून खास कोण गेलं? पंडिता रमाबाई. गोपाळरावही तोवर पोचले होते, आणि तिकडच्या लोकांना त्यांच्याच देशात उभं राहून त्यांच्या संस्कृतीचे दोष ऐकवत फिरत होते. खोड जायची कशी! कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात आनंदीबाईंची नेमणूक झाली होती. आपल्या इतक्या जवळ यायच्या होत्या बघ. पण परत आल्या त्या क्षय घेऊनच. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात गेल्या. बावीस पूर्ण व्हायला महिना होता. रक्षा गोपाळरावांनी कार्पेंटर मावशीकडे पाठवली. तिने आपल्या घराण्याच्या दफनभूमीत, न्यूयॉर्कजवळ पोकीप्सीला ठेवली. आणि १८८९ मध्ये चरित्र लिहिलं कुणी? काशीबाईंनी. पत्रं गोळा केली, सगळं जुळवलं. त्यांनी ते केलं नसतं तर ढलप्या आणि खुर्च्या कुणाला कळल्या असत्या? नवऱ्याच्या तोंडून जे बाहेर आलं असतं तेवढंच उरलं असतं."

हे काकूंचं मुख्य म्हणणं आहे. पुतळे, पोस्टाची तिकिटं आणि जयंत्या यांच्यामुळे या बायका आपल्याला एकेकट्या दिसतात. प्रत्येकीला वेगळा दिवस, वेगळा हार. खरं तर या सगळ्या एकमेकींच्या दारात जाऊन बसलेल्या होत्या. एकीचं दुसरीने लिहिलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

"ती ११ मार्च का लक्षात ठेवू?" मला आठवलं.

काकूंचे डोळे चमकले. "१८८९ च्या ११ मार्चला पंडिता रमाबाईंनी मुंबईत चौपाटीला शारदा सदन काढलं. विधवांसाठी. अमेरिकेतून पैसा उभा करून. तिकडे एक इंग्रजी पुस्तक लिहिलं होतं, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर. त्याला प्रस्तावना कुणाची, तर आनंदीबाईंच्या कॉलेजच्या मुख्य बॉडलीबाईंची. आता पुढे ऐक. सदनात पहिली विधवा विद्यार्थिनी आली ती कोकणातली गोदूबाई. आणि १८९३ च्या ११ मार्चला तिचं लग्न झालं धोंडो केशव कर्व्यांशी! तिन्ही वेळा तीच तारीख. दुसरी तिसरी मुद्दाम धरली असेल की योगायोग, ते तू ठरव. आणि लग्नात गोदूबाईंचं नाव काय ठेवलं? आनंदी!"

मी खरोखर आ वासला. कपडे बादलीतच होते.

"कर्वे मुरूडला गेले तर गावाने वाळीत टाकलं. इकडे शारदा सदन पुण्यात आलेलं. १८९३ मध्येच बोंब झाली, की रमाबाई मुलींना बाटवतात. 'केसरी' तुटून पडला. रानडे, भांडारकर सल्लागार होते, त्यांनीही अंग काढून घेतलं. पालक मुलींना घेऊन गेले."

"पण त्या खरंच बाटवत होत्या का हो?"

काकू क्षणभर थांबल्या. "बाई स्वतः १८८३ मध्येच ख्रिस्ती झालेली. तिच्या प्रार्थनेला मुली जाऊन बसत, ती दार लावून घेत नव्हती. येऊ नका म्हणावं असं पुढाऱ्यांना वाटत होतं, आणि तिला वाटत होतं की माझ्या खोलीचं दार मी का लावू? दोघांचं आपापल्या जागी खरं. पण एक सांगते. टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी घरातल्या बालविधवेचे केस राखले? पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात तिने शेकडो बायकामुली उचलून केडगावला आणल्या. तिथे त्यांना कोण विचारत होतं?"

मग थोडा वेळ वातावरण गंभीर झालं. ते मोडायला की काय, काकूंनी एकदम रवींद्रनाथ टागोर काढले.

"तर्खडकरांच्या अन्नपूर्णेचं तुला ठाऊक नाही? डॉक्टर आत्माराम पांडुरंगांची मुलगी. प्रार्थना समाजवाल्यांची. १८७८ मध्ये टागोर सतरा वर्षांचे, विलायतेला जायच्या आधी इंग्रजी सुधारावं म्हणून मुंबईत यांच्या घरी येऊन राहिले. शिकवायला अन्नपूर्णा. विलायतेहून आलेली, चुणचुणीत. तिने त्यांच्याकडे आपल्यासाठी नाव मागितलं. त्यांनी दिलं 'नलिनी'."

"इश्श! मग?"

"मग काय, ते गेले विलायतेला. हिने लग्न केलं बडोद्याच्या लिटलडेल नावाच्या गोऱ्या प्राध्यापकाशी. १८९१ मध्ये एडिंबरोला वारली. नलिनी मात्र त्यांच्या कवितेत बरीच वर्षं डोकावत राहिली म्हणतात. बस, एवढंच. जास्त विचारू नकोस."

जास्त विचारण्याची माझी फार इच्छा होती, पण काकू रखमाबाईंकडे वळल्या होत्या. आणि रखमाबाईंवर आल्या की त्यांचा आवाज आपोआप चढतो. आमच्याकडे कुत्रीसुद्धा उठून बसतात.

"अकराव्या वर्षी लग्न लागलं दादाजी भिकाजीशी. ती आईकडेच राहिली. आई जयंतीबाई, विधवा झाल्यावर दुसरं लग्न केलेली. त्यांच्या सुतार जातीत ते चालत होतं. सावत्र बाप डॉक्टर सखाराम अर्जुन, मोठा विद्वान माणूस, वनस्पतींचा जाणकार. त्या घरात ही वाचायला-विचार करायला शिकली. आणि दादाजी? काम ना धंदा, मामाच्या घरी पडून. १८८४ मध्ये त्याने कोर्टात दावा लावला, की बायको नांदायला पाठवा. रखमाबाई म्हणाली, नाही जात. मला न विचारता, मला कळत नसताना लावलेलं लग्न मला बांधून ठेवत नाही."

"कोर्टात असं म्हणाली?"

"कोर्टात! आणि वर्तमानपत्रातही. 'टाइम्स'मध्ये 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने पत्रं लिहायची. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हींनी तिच्या बाजूने निकाल दिला. केवढा गदारोळ! आमच्या धर्मात साहेब ढवळाढवळ करतो म्हणून. अपील झालं. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरननी सांगितलं, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. ती म्हणाली, तुरुंगात जाते. आनंदीबाईंना जाऊन आठवडा झाला होता तेव्हा. म्हणजे पुण्यात त्या आठवड्यात बायका विहिरीवर काय काय बोलल्या असतील, मला ते ऐकायला जायला आवडलं असतं."

"गेल्या तुरुंगात?"

"नाही, वेळ आली नाही. १८८८ मध्ये दादाजीने दोन हजार रुपये घेतले आणि दावा सोडला. दोन हजार! इतकं धर्माचं म्हणत होते, शेवटी पावती फाडली. पुढे कामा हॉस्पिटलच्या एडिथ पीची डॉक्टरणीने मदत केली, ही १८८९ मध्ये लंडनला गेली, डॉक्टर होऊन आली, आणि जन्मभर सुरत-राजकोटला बायकांची हॉस्पिटलं चालवली. १९५५ मध्ये वारली. नव्वदी पार करून."

इथे मला एक ऐकीव गोष्ट आठवली आणि मी ती काढली. दादाजी १९०४ मध्ये वारल्यावर रखमाबाईंनी म्हणे विधवेसारखं पांढरं लुगडं नेसायला सुरुवात केली. "काकू, ज्या लग्नाला लग्न मानलं नाही, त्याचं वैधव्य कसलं पाळायचं?"

"मला ते आवडलेलं नाही," काकूंनी कबूल केलं. "पण मी नाक मुरडायला कोण? पेशंट म्हणून येणाऱ्या जुन्या वळणाच्या बायकांनी तिला परकी समजू नये, असं असेल. एकट्या बाईला पांढरं लुगडं नेसलं की पुरुषांचा त्रास कमी होतो, असंही असेल. किंवा तिच्या मनात काहीतरी उरलं असेल. तिने सांगितलं नाही, आपण ठरवू नये. सगळ्या कर्तबगार बायकांनी आपल्या मनासारखं वागायला पाहिजे, हा आपला हट्ट कशाला?"

"माझा नाही हो हट्ट."

"तुझ्या तोंडावर दिसतोय."

मी विषय बदलला. विचारलं, की या सगळ्या गप्पांत सावित्रीबाई का नाहीत?

"त्या या सगळ्यांच्या आधीच्या गं. १८४८ मध्ये भिडेवाड्यात शिकवायला लागल्या, तेव्हा यांच्यातली एकही जन्मली नव्हती. शेणाचे गोळे आधी त्यांनी झेलले. १८९० मध्ये जोतिबा गेले तर टिटवं स्वतः धरून पुढे चालल्या. मला सांग, आज आपल्या गल्लीत किती जणी धरतील? पण तुला एक गोष्ट खटकते का? त्याच पुण्यात सावित्रीबाई राहत होत्या, चालत गेलं तर कितीसं अंतर. आणि रमाबाई रानड्यांच्या माजघरातल्या गप्पांत सावित्रीबाईंचं घर फारसं येत नाही. सुधारणेलाही पेठा होत्या. जोतिबांनी मात्र १८८५ मध्ये 'सत्सार' काढला, त्यात पंडिता रमाबाईंची बाजू घेतली. आणि दुसऱ्या अंकात घेतली ताराबाई शिंदे यांची. ताराबाई वाचल्यास का तू?"

मी मान हलवली. नाही या अर्थाने.

काकू आत गेल्या आणि एक बारीक पुस्तक घेऊन आल्या, पाठपुठ्ठा निघालेलं.

"बुलढाण्याची बाई. वडील बापूजी हरी शिंदे, सत्यशोधक समाजाचे. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेने जन्मलेलं मूल मारलं, तिला फाशी झाली, मग ती कमी करून काळं पाणी. झालं, 'पुणे वैभव'वाल्यांनी बायकांच्या चालचलणुकीवर तोंड सोडलं. हो, तेच चहाच्या यादीवालं 'पुणे वैभव'. ताराबाईंचं डोकं फिरलं. लिहिलं 'स्त्री-पुरुष तुलना'. १८८२ मध्ये पुण्याच्या शिवाजी छापखान्यात छापलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. त्यात काय भाषा आहे! विनवणी नाही, आर्जव नाही. पुरुषांची एकेक खोड अशी काढलीय, की बाकी सगळ्या बाया तिच्यापुढे सोज्ज्वळ वाटाव्यात. देवांनाही सोडलेलं नाही."

"मग गाव पेटलं असेल."

"लोकांनी हिणवलं. पण काय काय बोलले, कोण बोललं, तिच्या घरी काय झालं, ते सांगणारी मैत्रीण तिला नव्हती ना! काशीबाई नव्हती तिला कुणी. पुण्यात वाडा नाही, सभा नाही, पत्रं जपून ठेवणारं कुणी नाही. पुस्तक विसरून गेले सगळे. १९७५ मध्ये स. गं. मालशांनी शोधून पुन्हा छापलं, म्हणून माझ्या हातात. ताराबाईंनी स्वतः मात्र या एका पुस्तकानंतर दुसरं प्रसिद्ध केलं नाही."

भाजीवाला आला. काकूंनी कुंपणावरून पुस्तक माझ्या हातात दिलं.

"पातळ आहे, एका दुपारी वाचून होईल. घेऊन जा. आणि वाचून झालं की परत आण बाई. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तुझ्याकडे गणपतीपासून पडून आहेत."